हात आधी, शब्द मागून

ज्या वर्षी विद्यापीठाने लेखी परीक्षा कायमच्या बंद केल्या, त्या वर्षी पुरवण्या बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याची अडीचशे रिळं आमच्या कॉलेजच्या कोठीत पडून राहिली. मी ती घरी नेली. आज आमच्या परसातला दोडक्याचा वेल, पुढच्या खोलीचा पडदा आणि माझा चष्मा या तीन गोष्टी त्या दोऱ्यावर तगून आहेत. चौथी गोष्ट म्हणजे एक पत्र. प्राध्यापक अनंत चिवटे यांना आलेलं, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेलं. ते मीच भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच दोऱ्याने टांगलं होतं. ही सगळी गोष्ट त्या पत्रामुळे घडली, पण पत्रात काय होतं ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही पुढे कशाला वाचाल?

लेखी परीक्षा बंद व्हायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. उत्तरं यंत्रं लिहायला लागली होती. मुलगा यंत्राकडून निबंध लिहून घेई, प्राध्यापक तो दुसऱ्या यंत्राला तपासायला देत, आणि दोन्ही यंत्रं एकमेकांवर खूश असत. मधल्या मधे दोन माणसांना मोकळा वेळ मिळे. हे आठ-दहा वर्षं चाललं, मग कोणाला तरी लाज वाटली आणि फर्मान निघालं: यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने एक विषय समजावून सांगणारी स्वतःची पाच मिनिटांची चित्रफीत करायची. विषय चिठ्ठी उचलून ठरणार. चित्रण कॉलेजच्या सीलबंद कॅमेऱ्यावर, एका दमात, कापाकापी नाही. कॅमेरा पर्यवेक्षक धरणार आणि त्याला मधे प्रश्न विचारायची मुभा. बाकी सगळं विद्यार्थ्याच्या कल्पनेवर.

पहिल्या वर्षी मुलांनी खरोखर जीव ओतला. एकाने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लेझीम बसवलं. एकीने शेतातल्या विहिरीत दगड टाकून गुरुत्व मोजलं आणि तिसरा दगड पाणी शेंदणाऱ्या चुलत्याच्या बादलीत पडला, ते चित्रण अजून लग्नाकार्यात दाखवतात. पण गुण द्यायची वेळ आली तेव्हा स्टाफरूममध्ये युद्ध पेटलं. लेझीमला एका सरांनी नव्वद दिले, दुसऱ्यांनी बारा. मग मोजायला यंत्र आणलं. त्याचं नाव कस.

मी त्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं सहायक होतो. मुलं मला तात्या म्हणतात. निवृत्त झाल्यावरही कॉलेजने मला ठेवून घेतलं, कारण कुठल्या कपाटाला कुठली किल्ली लागते हे फक्त मला माहीत आहे आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही. कॉलेजचं नावही सांगणार नाही. गाव विटा, एवढं पुरे.

कसचं तत्त्व साधं होतं. माणूस बोलतो तेव्हा त्याचे हातही बोलतात. ज्याला गोष्ट खरोखर समजलेली असते त्याच्या मनात आधी चित्र उमटतं, आणि त्या चित्राला नेमका शब्द सापडायला थोडा वेळ लागतो. सेकंदाचा तिसरा हिस्सा, कधी अर्धा सेकंद. हाताला शब्द शोधावा लागत नाही, म्हणून हात आधी निघतो. पाटाला कुठे वळण आहे हे सांगणाऱ्या माणसाकडे नीट बघा. तो ‘वळण’ म्हणायच्या आत त्याचा हात वळलेला असतो. पाठ केलेल्या माणसाचं उलट. त्याच्याकडे शब्द तयार असतात, चित्र नसतंच. शब्द तोंडातून पडतो आणि मग त्याला आठवतं की हातही हलवायचे असतात. हात शब्दाच्या मागून धावतो, गाडी सुटल्यावर पळणाऱ्या उतारूसारखा. कस हे अंतर मोजत असे. हात आधी, शब्द मागून, तर समजलंय. शब्द आधी, हात मागून, तर पोपट.

पण अंतर मोजलं तरी मोजपट्टी लागते. तापमापी बनवताना आपण ती वितळत्या बर्फात बुडवतो आणि पारा थांबेल तिथे शून्याची खूण करतो. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरतो, तिथे शंभराची खूण. मधल्या जागेचे शंभर सारखे भाग. ‘कस’लाही अशा दोन खुणा हव्या होत्या. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने मागच्या महासाथीत मास्तरांनी घरात बसून दिलेली लाखो व्याख्यानं चाळली, आणखी मिळेल ते चाळलं, आणि त्यातून एक माणूस शून्यावर बसवला, एक शंभरावर. ते दोघं कोण, हे कंपनीने कोणालाच सांगितलं नाही. पास व्हायला गुण लागत पस्तीस. जगात सगळं बदललं, पण पस्तीसला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

आता पत्राकडे येतो. कस आला त्याच वर्षी चिवटे सरांना कंपनीचं पत्र आलं. त्यात एकच ओळ कामाची होती: ‘आपली व्याख्याने आमच्या संपूर्ण मापनपद्धतीचा पाया ठरली आहेत.’ सरांनी पेढे वाटले. प्राचार्यांनी सत्कार केला. पत्राच्या जोरावर सर विद्यापीठाच्या कस समितीचे अध्यक्ष झाले. सहा वर्षं मी त्या फ्रेमची काच पुसली. ‘पाया’ हा शब्द सरांनी लाल शाईने अधोरेखित केला होता.

सर कसे होते ते सांगायला हवं. आवाज खणखणीत, पाठांतर अफाट. पुस्तकाचं पान सांगा, सर ते डोळे मिटून म्हणत, तळटीपेसकट. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उजवा हात हवेत गोल फिरवून म्हणत, ‘एवढं सोपं आहे.’ कोणी शंका विचारली तर तोच परिच्छेद पुन्हा म्हणत, जास्त मोठ्याने. आणि निकालाच्या दिवशी नापास झालेल्याचं नाव वाचून दोनच शब्द बोलत: ‘पुन्हा बस.’ ते दोन शब्द उच्चारताना सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही.

आणि हो, प्राध्यापकांना कस लावायची पद्धत नव्हती. मोजायचं ते विद्यार्थ्यांना.

मधे कंपनीने कसची एक धाकटी आवृत्ती फोनवर फुकट सोडली आणि विट्यात हाहाकार झाला. स्थळ बघायला गेलेल्या मंडळींनी नवऱ्या मुलाला नोकरीचं स्वरूप समजावून सांगायला लावलं, अकरा गुण पडले, ती चहा न पिताच उठली. एका उमेदवाराने विकासाच्या भाषणात उणे गुण मिळवले, जे तत्त्वतः शक्यच नव्हतं. सर ‘समजलं मला तुझं म्हणणं’ असं घरात म्हणाले तेव्हा चिवटेबाईंनी पदराआडून फोन धरला होता. चार गुण. बाई त्यानंतर सरांशी फक्त भाजी संपली एवढंच बोलत. सरांनी सगळीकडे सांगितलं की फुकटची आवृत्ती कच्ची आहे, खरा कस कॉलेजातच.

अशा दिवसांत शर्वरी मुळीक आमच्याकडे आली.

आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही पेठेत जा, सराफकट्ट्यामागच्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस विट्याकडचा निघेल. शर्वरीच्या वडिलांचं दुकान केरळात, त्रिशूरला. पोरगी भट्टीपाशीच वाढली. सोनं तोलायच्या काट्यासमोर बसायची त्यांची एक शिस्त असते: हात मांडीवर ठेवायचे आणि हलवायचे नाहीत. बोलताना हात फिरला तर वाऱ्याने पारडं डुलतं, बारीक कण उडतात. लहान पोरांनी काट्यासमोर हात हलवला की बोटांवर चिमटा बसतो. शर्वरी सहा वर्षांची असल्यापासून काट्यासमोर बोलायला शिकली होती. कुठलीही अवघड गोष्ट सांगायची वेळ आली की तिचे दोन्ही हात आपसूक मांडीवर जात आणि दगडासारखे पडून राहत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या वेळी आमच्यातल्या कोणाच्याच आलं नाही.

तिची आणि सरांची पहिल्याच महिन्यात जुंपली. सर अप्रकट उष्णता शिकवत होते. बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिलो तरी तापमान शून्यावरच थांबतं, ती मधली उष्णता म्हणजे अप्रकट उष्णता, एवढं सोपं आहे. शर्वरीने विचारलं की मुशीत सोनं वितळतानाही असंच होतं, भट्टी कितीही फुंका, शेवटचा कण वितळेपर्यंत आच पुढे सरकत नाही, पण का? उष्णता जाते कुठे? सरांनी परिच्छेद पुन्हा म्हटला. तिने पुन्हा विचारलं. सरांनी तिसऱ्यांदा म्हटला, खिडकीच्या काचा वाजल्या. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘हे पुस्तकात आहे सर. तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे विचारते.’

वर्गात कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, सर विसरले असते.

पहिल्या परीक्षेत शर्वरीला दोन गुण पडले. सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा बसली, तीन पडले. दोन्ही वेळा ती इतकं स्वच्छ बोलली होती की शेजारच्या खोलीत परीक्षानळ्या विसळताना मला तरंगांचं व्यतिकरण कळलं, जे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. सरांनी दोन्ही वेळा तिचं नाव सगळ्यात शेवटी वाचलं, थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘मुळीक. पुन्हा बस.’

नियम असा होता की तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कायमचं कमी. तिच्या वडिलांचा त्रिशूरहून निरोप आला होता: आता एकदाच बघ, नाही झालं तर काट्यावर ये, तुझी जागा आहे. त्या जागेचं तिला वाईट वाटत नव्हतं, पण तिला सोन्याच्या आत काय होतं ते शिकायचं होतं, नुसतं वितळवायचं नव्हतं.

मी तिच्या दोन्ही चित्रफिती बघितल्या तेव्हा मला हात दिसले. म्हणजे दिसले नाहीत. मी तिला सांगितलं, बाई, तू हात हलवत नाहीस, यंत्राला तू पोपट वाटतेस. तोपर्यंत विट्यात हाताच्या शिकवण्या निघाल्या होत्या. तमाशात नाचलेल्या एका बाईंकडे पोरं रांगा लावून शब्दाआधी हात उचलायचा सराव करत. शर्वरीने नाक मुरडलं, तेव्हा मीच तिला आठवडाभर शिकवलं. व्यर्थ. तिचा हात एकतर शब्दाच्या मागून यायचा, नाहीतर इतका आधी की ऐकणाऱ्याला वाटे ही कोणाला तरी निरोप देतेय. सहाव्या दिवशी तिने ‘प्रसरण’ हा शब्द म्हणायच्या आत माझं शेवटचं चांगलं चंचुपात्र फोडलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मग तिने तो प्रश्न विचारला. सोन्याचा कस काढताना कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढतात आणि शेजारी माहितीच्या सोन्याच्या सळीची रेघ ओढतात. दोन रेघा ताडून बघायच्या. गिऱ्हाइकाला शंका आली तर तो सळी मागू शकतो. सळीच भेसळीची असेल तर दगडाचा काय दोष?

‘तात्या, या यंत्राची सळी कोणी बघितलीय?’

तिने रीतसर अर्ज केला: माझं मापन ज्या नमुन्यांशी ताडून झालं ते शून्याचे आणि शंभराचे नमुने मला दाखवावेत. अर्ज समिती अध्यक्षांकडे, म्हणजे चिवटे सरांकडे गेला. मला वाटलं फाडतील. पण सरांचा चेहरा उजळला. पाया कोण आहे हे त्यांना माहीत होतं ना. त्यांनी कंपनीला स्वतः शिफारस लिहिली, वर सुचवलं की नमुने सर्व विद्यार्थ्यांसमोर सभागृहात दाखवावेत, म्हणजे समजणं कशाला म्हणतात ते मुलांना कळेल. मला फ्रेम सभागृहात आणून व्यासपीठावर ठेवायला सांगितली. मी हार घालू का विचारलं. हे मी खोडीने विचारलं होतं. सर म्हणाले, घाला.

सभागृह भरलं. कंपनीने एक तरुण बाई पाठवली होती. तिने मुद्दाम सांगितलं की नमुन्यातल्या माणसांचे चेहरे झाकलेले आहेत, नावं तिलाही ठाऊक नाहीत. आधी शंभराचा नमुना दाखवला. कुठल्यातरी गावातली सायकलच्या पंक्चरचं दुकान चालवणारी बाई ट्यूबमधलं भोक पाण्यात कसं सापडतं ते सांगत होती. तिचे हात शब्दांच्या इतके पुढे होते की मागच्या रांगेतल्या पोरांना नुसतं बघून कळलं. सर थोडे चुळबुळले. त्यांना वाटलं असावं, शंभराचे नमुने दोन असतील.

मग शून्याचा नमुना लागला.

चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका. मागे घरातली भिंत, भिंतीला कॅलेंडर. आणि खणखणीत आवाज: बर्फाचे पाण्यात रूपांतर होताना तापमान स्थिर राहते. हात मांडीवर. मग वाक्य संपलं आणि उजवा हात वर आला, हवेत गोल फिरला.

‘एवढं सोपं आहे,’ ठिपका म्हणाला.

चारशे पोरांच्या माना ठिपक्याकडून सरांकडे वळल्या. सर उभे होते आणि त्यांच्या शेजारी हार घातलेलं पत्र. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी हलक्या आवाजात वाचलं, ‘पाया,’ आणि मग हसू सुटलं ते थांबेना. कंपनीच्या बाईला काहीच कळेना. ती मदत म्हणून समजावू लागली की हो, बरोबर, पाया म्हणजे तळ, मोजपट्टी तिथून सुरू होते, हा फारच उत्तम नमुना आहे, इतका निर्भेळ शून्य दुसरा सापडला नाही.

सरांनी आपल्या हाताने प्रोजेक्टर बंद केला आणि फ्रेम काखेत घेऊन गेले. हार दारात गळून पडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी शर्वरीला प्रयोगशाळेत बोलावलं. मला बाहेर जायला सांगितलं नाही; चाळीस वर्षांत मी त्यांना कपाटाइतकाच दिसत होतो. फ्रेम पुन्हा भिंतीवर होती, कोरी भिंत जास्त बोलली असती. सरांनी एक कागद पुढे केला. त्यावर विद्यार्थिनीची तक्रार टाइप केलेली होती: काटेकोर तपासणीअंती कस हे यंत्र सर्वस्वी चुकीचं असून ते समज मोजत नाही. खाली सहीला जागा. सरांनी सांगितलं की एवढी सही कर, मी अध्यक्ष म्हणून यंत्र रद्द करतो, तुला जुन्या नियमाने पास करतो. तुझंही भलं होतं. माझंही, हे ते बोलले नाहीत.

मी कपाटाआडून खुणा करत होतो, कर सही, कर. माझे हात भलते पुढे धावत होते.

शर्वरीने कागद दोनदा वाचला. मग तिने हात मांडीवर ठेवले.

‘यंत्र माझ्या बाबतीत चुकलं सर. तुमच्या बाबतीत बरोबर आहे.’

‘तोंड सांभाळून बोल.’

‘आमच्याकडे सोन्याचा दाखला देतात तो एकाच तुकड्याचा असतो. सगळ्या पेठेचा नसतो. तुम्ही एवढंच लिहा की मुळीकचं माप चुकलं. त्यावर सही करते.’

‘आणि मी?’ सर म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द निसटला असावा.

तिने कागद टेबलावर ठेवला. सरांनी कागद ओढून घेतला, चुरगळला आणि सांगितलं की सोमवारी तिसरी परीक्षा आहे, पर्यवेक्षक मी आहे, चिठ्ठी तू उचल, पुढचं मी बघतो. ती गेल्यावर मी तिला जिन्यात गाठून मूर्ख म्हटलं. ती म्हणाली, तात्या, तुमचं फुटलेलं चंचुपात्र मी भरून देईन.

सोमवारी ऊन इतकं होतं की मी सगळ्या तापमाप्या आडव्या ठेवल्या होत्या. उभ्या ठेवल्या की पारा वरच्या टोकाला डोकं आपटत होता. शर्वरीने चिठ्ठी उचलली. अप्रकट उष्णता. ही चिठ्ठी डब्यात कशी आली आणि बाकीच्या चिठ्ठ्यांवरही तोच विषय होता का, याची चौकशी पुढे कोणी केली नाही. डबा मी भरला होता, एवढंच सांगतो.

सरांनी सीलबंद कॅमेरा हातात धरला. टेबलावर चंचुपात्रात बर्फ आणि त्यात तापमापी. शर्वरी बोलू लागली, हात मांडीवर. घन पदार्थात कण एकमेकांना धरून असतात. उष्णता दिली की जागच्या जागी जास्त हलतात. ते हलणं म्हणजे तापमान. पण एका हद्दीला आले की पुढची उष्णता हलवण्यात जात नाही, ती एकमेकांची पकड सोडवण्यात जाते. म्हणून पारा थांबतो. उष्णता हरवत नाही, ती सोडवणुकीच्या कामाला लागलेली असते. कॅमेऱ्याच्या कडेला कसचा आकडा दिसत असे. एक. दोन. एक.

अडीच मिनिटं झाली. सरांना प्रश्नाची मुभा होती. ते एरवी पुस्तकातला आडवा प्रश्न काढत. त्या दिवशी त्यांचा आवाज निराळाच होता, चिडका, पण पाठ केलेला नव्हे.

‘थांब. जे कण आधी सुटले ते तर मोकळे झाले. मग बाकीचे सुटायची वाट कशाला बघतात? ते का नाही जास्त हलत? सुटलेलं पाणी तापत का नाही?’

शर्वरी थबकली. प्रश्न चांगला होता, हे तिलाही कळलं आणि तिला त्याचा रागही आला. तिने सांगितलं की सुटलेले कण बर्फालगतच असतात, त्यांच्याकडे जास्तीचं काही आलं की ते तिथेच देऊन टाकतात.

‘देतात म्हणजे काय? हातात देतात? नीट सांग.’

तिने पुन्हा सांगितलं.

‘हे शब्द झाले. मला दिसत नाहीये. माझं डोकं एवढं बंद आहे असं तुला वाटतं, तर उघड ना.’

‘अहो, बघा ना इकडे,’ ती ओरडली, आणि तिचे दोन्ही हात मांडीवरून उठले.

सहा वर्षांची असल्यापासूनचे सगळे चिमटे एकदम विसरून ते हात वर आले. तिने बोटं बोटांत अडकवली आणि कडेची दोन सोडवली. सुटलेलं बोट थरथरवत अडकलेल्यांवर आपटलं, आपटून ते निवलं आणि अडकलेलं एक सुटलं. मग ते त्याच्या शेजारच्यावर. तिला शब्द सापडत नव्हते. हात पुढे गेले होते, शब्द मागून येत होते, अडखळत, तुटके, काही मराठी, काही त्रिशूरकडचे. कसचा आकडा चढत चालला. चाळीस. त्रेसष्ट. ऐंशी. मला तो दिसत होता. तिला दिसत नव्हता, सर त्याच्याकडे बघत नव्हते.

सर तिच्या बोटांकडे बघत होते. कॅमेरा एका हातात कलला होता. आणि मग चौकटीत डाव्या बाजूने एक जाडसर हात आला. तो गोल फिरला नाही. तो हळूच पुढे सरकला, थांबला, समोरच्या कशावर तरी टेकला आणि मागे आला.

‘म्हणजे…’ सर म्हणाले. हात हवेतच होता. ‘म्हणजे… जो सुटला तोच… धक्का देऊन… दुसऱ्याला सोडवतो. म्हणून स्वतः तापत नाही.’

‘हो,’ शर्वरी म्हणाली. ‘शेवटचा सुटेपर्यंत.’

पाच मिनिटं संपली. कॅमेऱ्याने टिंग केलं. बर्फाचा शेवटचा तुकडा चंचुपात्रात फिरत होता आणि पारा शून्यावर होता.

निकाल तिथल्या तिथे लागत असे, आणि नियमाप्रमाणे सरांनी तो मोठ्याने वाचायचा. सरांनी चष्मा पुसला. मुळीक, शर्वरी. अठ्ठ्याऐंशी. ते ‘पास’ म्हणाले नाहीत, तो शब्द त्यांना तिच्यासाठी उच्चारवला नाही. पण ते वाचायचं थांबलेही नाहीत, कारण खाली आणखी एक ओळ होती. कस चौकटीत आलेल्या प्रत्येकाला मोजत असे. सर ती ओळ मनातल्या मनात वाचत राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिली. दुसरी व्यक्ती, फक्त हात. एकतीस.

सरांनी मला विचारलं की ही ओळ काढता येते का. मी सांगितलं की सीलबंद कॅमेरा आहे, विद्यापीठात गेली असेल आत्तापर्यंत. नियम तुमच्याच समितीचा.

शर्वरीने तापमापी पुसून खोक्यात ठेवली, दप्तर उचललं आणि दारापाशी गेली. तिथून तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, मग सरांकडे.

‘चार कमी पडले, सर,’ ती म्हणाली. ‘पुन्हा बसा.’